लाल रेघांतली ओळख: ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या टायटलचं प्रकरण

15 जुलै 2016 रोजी नेटफ्लिक्सवर एका नव्या मालिकेचे आठ भाग एकदम आले. मॅट आणि रॉस डफर या जुळ्या भावांनी ती रचली होती आणि त्यांचं नाव तोवर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मालिकेमागे गाजलेली कादंबरी नव्हती, आधीचा एखादा हिट चित्रपटही नव्हता. पडद्यावर बहुतेक अनोळखी लहान मुलं. नावाजलेला चेहरा म्हणावा तर विनोना रायडरचा. मालिकेचं नावही आधीचं राहिलं नव्हतं. सुरुवातीला ती ‘मोंटॉक’ होती, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या टोकाला असलेल्या गावावरून. पुढे कथानक इंडियानातल्या हॉकिन्स या काल्पनिक गावात हलवलं गेलं, तेव्हा दुसरं नाव शोधणं भाग पडलं.

इतक्या कमी भांडवलावर आलेल्या या मालिकेची एक खूण मात्र काही आठवड्यांत सगळीकडे दिसू लागली: काळ्यावर लाल, आतून पोकळ, किंचित थरथरणारी अक्षरं. लोक आपली नावं, दुकानांची नावं, पाळलेल्या मांजरांची नावं त्याच घाटात करून फिरवू लागले. त्यासाठी शिकागोच्या नेल्सन कॅश या डिझाइन कंपनीने एक संकेतस्थळच काढलं. शब्द टाइप करा, लाल अक्षरांत चित्र घ्या.

ही अक्षरं मालिकेसाठी खास घडवलेली नव्हती. टाइपफेस, म्हणजे एकाच घाटाच्या अक्षरांचा संच, जवळजवळ चाळीस वर्षांचा जुना होता, पैसे भरून कुणालाही मिळत होता, आणि वाटेल त्या कामासाठी वापरून झालेला होता. मग तो एकाच मालिकेच्या नावावर कसा लागला? ‘ऐंशीच्या दशकाचा फॉन्ट वापरला म्हणून’ हे उत्तर सगळे देतात. मला ते अर्धवट वाटतं.

पेपरबॅकची आठवण

डफर बंधूंनी मालिका विकायला काढली तेव्हा चॅनेलवाल्यांना दाखवण्यासाठी त्यांनी एक छोटी पुस्तिका केली होती. दिसायला ती वापरून जीर्ण झालेल्या, भयकथालेखक स्टीफन किंगच्या पेपरबॅकसारखी. नेटफ्लिक्सने होकार देण्याआधी पंधरा-वीस ठिकाणांहून नकार आला, असं या भावांनीच मुलाखतीत सांगितलं आहे. म्हणजे पटकथा कागदावर होती तेव्हापासून या मालिकेचं रूप छापील पुस्तकाचं होतं. टायटलचा विचार शेवटी कुणीतरी वरून चिकटवलेला नाही, हे आधीच लक्षात घ्यायला हवं.

लोगोचं काम लॉस एंजेलिसच्या कंटेंड या संस्थेकडे गेलं. भावांनी त्यांना जुन्या पुस्तकांची मुखपृष्ठं दाखवली आणि हवा तो भाव त्यातून शोधायला सांगितलं. बरेच नमुने झाले, आणि शेवटी निवड झाली आयटीसी बेंगियाट या टाइपफेसची.

एड बेंगियाट 1927 साली ब्रुकलिनमध्ये जन्मले. आधी जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवायचे, पुढे अक्षरांकडे वळले आणि सहाशेहून जास्त टाइपफेस घडवले किंवा नव्याने आखले. ‘एस्क्वायर’, ‘प्लेबॉय’, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ यांच्या शीर्षकांवर त्यांचा हात फिरलेला आहे. 1968च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या नावाची अक्षरंही त्यांचीच. त्यांच्याच नावाचा हा टाइपफेस 1977 साली बाजारात आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आर्ट नूव्हो शैलीची वळणं त्यात आहेत, पण अंगकाठी जाड आणि सेरिफची, म्हणजे अक्षराच्या शेवटी असलेल्या छोट्या रेघांची, टोकं धारदार. एका बाजूने गोलाई, दुसऱ्या बाजूने टोचणारं टोक. अक्षर शांत दिसतं, पण पूर्ण निर्धास्त वाटत नाही. भयकथेच्या मुखपृष्ठाला आणखी काय हवं?

इथे आयटीसी, म्हणजे इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशन, या कंपनीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खरी मेख तिच्या धंद्यात आहे. 1970 साली न्यूयॉर्कमध्ये निघालेली ही कंपनी यंत्रं विकत नव्हती. ती अक्षरं आखून घ्यायची आणि टाइपसेटिंगची यंत्रं बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांना त्यांचा परवाना द्यायची. त्याआधी अमुक यंत्र असेल तर अमुकच अक्षर मिळे. आयटीसीमुळे एकच टाइपफेस एकाच वेळी अमेरिकेतल्या शेकडो छापखान्यांत, जाहिरात कंपन्यांत, प्रकाशनगृहांत पोचू लागला. बेंगियाटही तसाच पसरला. वाचकालाच नायक करून ‘पुढे काय करायचं ते तू ठरव’ म्हणणाऱ्या ‘चूज युवर ओन ॲडव्हेंचर’ मालिकेच्या मुखपृष्ठांवर तो होता. 1987 साली आलेल्या द स्मिथ्स या ब्रिटिश बँडच्या ‘स्ट्रेंजवेज, हिअर वुई कम’ या अल्बमच्या वेष्टनावरही होता. लहानपणी त्या पुस्तकांत रमलेल्या पिढीने हे अक्षर हजारदा पाहिलं, पण ते कधी नावाने ओळखलं नाही.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म हेच आहे. सिनेमा-मालिकेच्या नावाला ओळखीचं अक्षर लागतं, पण प्रेक्षकाला त्याचं नाव आठवलं की खेळ बिघडतो. ‘हे कुठेतरी पाहिलंय’ इथपर्यंतच त्याला न्यायचं असतं. 2016 साली बेंगियाट नेमका त्या अवस्थेत होता. फॅशनमधून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती, आणि चेष्टेचा विषय होण्याइतका तो कुणाच्या डोळ्यात सलतही नव्हता.

‘ऐंशीचा फॉन्ट’ हे उत्तर अर्धवट का, तेही बघा. टाइपफेस 1977चा. मालिकेचं पहिलं पर्व घडतं 1983मध्ये. आणि बेंगियाटमधलं स्टीफन किंगचं जे मुखपृष्ठ या संदर्भात सर्वांत जास्त पुढे केलं जातं, ते ‘नीडफुल थिंग्ज’, 1991 साली आलेलं आहे. खुद्द डफर बंधूंचा जन्म 1984चा, म्हणजे ज्या वर्षाची गोष्ट ते सांगतात ते त्यांनी पाहिलेलंच नाही. त्यांच्या वाट्याला ऐंशीचं दशक आलं ते मागाहून, व्हिडिओ कॅसेटमधून आणि घरोघर उरलेल्या पेपरबॅकमधून. टायटलही त्याच आठवणीतून घडलं. इतिहासाच्या कसोटीवर ते ढिलं आहे, आणि त्याने मालिकेचं काहीही बिघडलेलं नाही.

लोगो जवळून

आता नुसता लोगो समोर ठेवू. इंग्रजीत दोन शब्द, दोन ओळी. वरचा शब्द आठ अक्षरांचा, खालचा सहा. वरच्या शब्दाचं पहिलं अक्षर एस आणि शेवटचं आर ही दोन्ही मोठी केली आहेत आणि ती ओळीच्या खाली उतरतात. त्यांच्या मधल्या खळग्यात खालचा शब्द बसवला आहे. भोवती आडव्या रेघा आहेत, त्यामुळे दोन वेगळे शब्द एका ठोकळ्यासारखे बांधले जातात. दारावर ठोकलेल्या पाटीसारखा तो दिसतो.

अक्षरांमधलं अंतर जवळजवळ नाहीच. हीसुद्धा त्या काळाची सवय. शिशाच्या खिळ्यांत प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठोकळा असतो, त्यामुळे दोन अक्षरं एका मर्यादेपलीकडे जवळ येत नाहीत. फोटोटाइपसेटिंग आल्यावर अक्षर म्हणजे फिल्मवरची प्रतिमा झाली, ठोकळा गेला, आणि सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या डिझाइनरांनी अक्षरं एकमेकांना अगदी भिडवायची टूम काढली. आज कुणी बेंगियाट घेऊन, संगणकाने दिलेल्या अंतरावर नुसते हे दोन शब्द टाइप केले, तर ते एखाद्या सोसायटीच्या नोटिशीसारखे दिसतील. टाइपफेस तोच, रंगही लालच ठेवा. मालिका दिसणार नाही. संकेतस्थळावर केलेली लोकांची नावं बऱ्यापैकी जमायची, कारण तिथे ही मांडणी आयती मिळत होती.

एक तक्रारही नोंदवतो. पोकळ अक्षराची बारीक रेघ टीव्हीवर सुरेख दिसते, पण मोबाइलवरच्या टिचभर चौकटीत ती फिकी पडते. तिथे नाव वाचलं जात नाही, फक्त लाल आकार ओळखू येतो. अर्थात ओळख पक्की झाल्यावर तेवढंही पुरतं.

प्रकाश गळू द्यायचा

लोगो झाला, पण चालतं टायटल व्हायचं होतं. ते इमॅजिनरी फोर्सेस या स्टुडिओने केलं, मिशेल डॉहर्टी यांच्या दिग्दर्शनाखाली. डफर बंधूंच्या डोक्यात एक नाव पक्कं होतं: रिचर्ड ग्रीनबर्ग. रिचर्ड आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांनी 1977 साली न्यूयॉर्कमध्ये आर/ग्रीनबर्ग असोसिएट्स काढली आणि पुढच्याच वर्षी ‘सुपरमॅन’ची प्रकाशाचे पट्टे ओढत येणारी टायटलं केली. 1979च्या ‘एलियन’मध्ये तर त्यांनी कमाल केली. पडद्यावर वरच्या बाजूला एकेक उभी-तिरपी रेघ उमटत जाते, ती कसली हे कळत नाही, आणि बऱ्याच वेळाने त्या रेघांचं नाव तयार होतं. भीती दाखवायला रक्त लागलं नाही, राक्षसही लागला नाही. अपुरं अक्षर पुरलं.

डॉहर्टी यांचा स्टुडिओ मुळात या ग्रीनबर्ग मंडळींच्याच लॉस एंजेलिस शाखेतून 1996 साली वेगळा निघालेला. म्हणजे डफर भावांनी ज्याची शैली मागितली, त्याच्याच घराण्यात काम गेलं. आपल्याकडे गाण्यात घराणं म्हणतात ते इथेही लागू पडतं.

टायटल जेमतेम मिनिटभराचं आहे. काळोखात लाल कडा सरकतात, इतक्या जवळून की एका वेळी अक्षराचा लहानसा तुकडाच दिसतो. कधी एसचं वळण, कधी आरचा पाय, कधी नुसती सेरिफची धार. तुकडे एकमेकांशेजारून निसटतात, काही जोडले जातात, कॅमेरा मागे जात राहतो आणि शेवटी सगळं जागेवर बसतं. बाकी काही नाही. ना जंगल, ना सायकली, ना मुलं. सोबत काइल डिक्सन आणि मायकेल स्टाइन यांचा सिंथेसायझर. टायटलमध्ये कथेतलं काहीच दाखवायचं नाही, हा निर्णय मला टाइपफेसच्या निवडीपेक्षाही धाडसी वाटतो. सारा भार अक्षरांवर पडणार होता, म्हणून अक्षरं तेवढी भरीव हवी होती. एखादा सडपातळ, सरळसोट टाइपफेस घेतला असता तर जवळून पाहायला त्यात काय सापडलं असतं? नुसत्या पट्ट्या. बेंगियाटमध्ये जिथे जवळ जावं तिथे काहीतरी वळतं किंवा टोचतं.

अक्षरं संगणकावर हलवणं सोपं होतं, पण ती फार स्वच्छ दिसली असती. जुन्या काळी असं टायटल करताना कोडालिथ नावाची फिल्म वापरत. ती कमालीची कॉन्ट्रास्टी असते: अक्षराचा भाग आरपार पारदर्शक, बाकी गडद काळं. ती फिल्म ॲनिमेशन स्टँडवर लावायची, मागून दिवा सोडायचा, रंगासाठी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पापुद्रा, धरायची आणि एकेक फ्रेम शूट करायची. डॉहर्टींच्या चमूने खरोखरच अक्षरं कोडालिथवर काढली, मागून उजेड दिला आणि कॅमेऱ्याने टिपली. त्यात हवे ते सगळे दोष मिळाले. रेघेच्या कडेने प्रकाश सारखा गळत नव्हता, एका कोपऱ्यात जास्त तर दुसऱ्यात कमी. काळ्या भागातूनही कुठे ठिपक्याएवढा उजेड झिरपायचा. हे नमुने समोर ठेवून मग संगणकावरचं टायटल बेतलं गेलं. त्यामुळे आज आपण पाहतो ते डिजिटलच आहे, पण त्यातली थरथर मनाने रचलेली नाही, पाहून उतरवलेली आहे. जुन्याचा आव आणणारी बहुतेक कामं इथेच घसरतात. फिल्टर टाकतात, ओरखडे टाकतात. ओरखडा कुठून येतो हे पाहिलेलं नसतं.

कलाकारांची नावं लिहायला आयटीसी ॲव्हान्ट गार्ड वापरला. हर्ब ल्युबालिन आणि टॉम कार्नेस यांचा 1970चा, गोल ‘ओ’चा, सेरिफ नसलेला टाइपफेस. एकाच काळातली, एकाच कंपनीची ही दोन अक्षरं जुन्या मासिकांत शेजारी शेजारी नांदलेली, म्हणून इथेही भांडत नाहीत. प्रकरणांची नावं, म्हणजे ‘चॅप्टर वन’ वगैरे, पुन्हा बेंगियाटमध्ये. पुस्तकाचा धागा तिथे उघड होतो.

यशाची किंमत

2017च्या एमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट टायटल डिझाइनचा पुरस्कार या कामाला मिळाला, टायटल संगीताचाही मिळाला. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने ‘स्किप इंट्रो’चं बटण आणलं. प्रेक्षक रोज तेरा कोटींहून जास्त वेळा ते दाबतात, असं नेटफ्लिक्सनेच 2022 साली जाहीर केलं. टायटल नकोसं झालेल्या जमान्यातच हे टायटल नावारूपाला आलं. पुढच्या पर्वांत नावामागे आकडे आले, गोष्टीचा पसारा वाढला, बजेट कुठच्या कुठे गेलं. अक्षर बदललं नाही.

बेंगियाटचं मात्र काय झालं? 2016 आधी तो कुणालाही वापरता येत होता. आता काळ्यावर लाल बेंगियाट ठेवला की बघणारा लगेच मालिकेचं नाव घेतो, आणि लाल नसला तरी बरेचदा घेतो. भुताच्या गोष्टींचं नवं पुस्तक काढणाऱ्याला तो हाताशी घेणं अवघड झालं आहे. नाव न आठवणारं अक्षर म्हणून त्याची निवड झाली होती, आणि यशामुळे त्याचा तोच गुण गेला.

उलट टोकाचं उदाहरण ‘अवतार’चं. डिसेंबर 2009मध्ये आलेल्या त्या चित्रपटाचं नाव पपायरस या टाइपफेसच्या किंचित बदललेल्या रूपात होतं आणि त्यातल्या नावी या परग्रहवासी लोकांच्या संवादांची सबटायटलंही पपायरसमध्ये. क्रिस कॉस्टेलो या तरुणाने 1982च्या सुमारास खडबडीत कागदावर कॅलिग्राफीच्या पेनाने हा टाइपफेस हाताने काढला. पुढे तो घरोघरच्या संगणकांवर आयता आला, आणि स्पा, योगवर्ग, लग्नपत्रिका, हर्बल साबण अशा सगळ्यांनी त्याच्यावर ताव मारला. म्हणजे अक्षर ओळखीचं होतं, पण प्रेक्षकाला ते कुठे पाहिलं हे नीट आठवत होतं! 2017 साली ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ने त्यावर आख्खा विनोदी प्रवेश केला. रायन गॉसलिंगने रंगवलेल्या माणसाला ‘अवतार’च्या डिझाइनरने मेनूतून पपायरस निवडला आणि विषय संपवला, या विचाराने झोप लागत नाही. हे तयार मिळणारं अक्षर आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी पुढे हसत हसत सांगितलं. पुढच्या चित्रपटांसाठी नवी अक्षरं आखली गेली, पण ती पपायरसचीच जाडजूड भावंडं वाटतात. चित्रपटाच्या कमाईवर याचा काडीचाही परिणाम झाला नाही, हेही खरं. जगात सर्वाधिक पैसा मिळवलेल्या चित्रपटाची अक्षरं अशी असू शकतात, हे आम्हा अक्षरवेड्यांनी अधूनमधून स्वतःला ऐकवावं.

मराठीत हे करायचं तर

समजा उद्या कुणी 1980च्या महाराष्ट्रातली भयमालिका करायला घेतली. सातारा-वाईकडचं गाव, वाचनालयात नारायण धारपांच्या कादंबऱ्या, जुनी शाळा. टायटलला अक्षर कुठलं घ्यायचं?

इथे अडचण वेगळी आहे. त्या काळी आपल्याकडे मजकूर खिळ्यांनी जुळवला जाई, पण मुखपृष्ठावरचं नाव चित्रकार हाताने काढत आणि त्याचा ब्लॉक बनवून छापत. देवनागरीत मथळ्याला साजेसे टाइपफेस होतेच किती? नाटकांचंही तेच. कमल शेडगे यांनी ‘मत्स्यगंधा’, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ अशी नाटकांची नावं काढली, ती वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर दोन बोटं जागेत छापून येत आणि प्रेक्षक नाव वाचायच्या आधी वळणावरून नाटक ओळखत. पण ते वळण त्या एका नाटकापुरतं. त्याचा फॉन्ट नव्हता, परवाना नव्हता, दुसऱ्या कुणाला ते वापरता येत नव्हतं. (शेडगे जुलै 2020मध्ये गेले आणि बेंगियाट त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.) आता ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षररचनाकारांसारख्या मंडळींमुळे ‘बलू’, ‘मोदक’ अशी मथळ्याची देवनागरी अक्षरं फुकट मिळतात, पण ती आजची आहेत. 1980 साल त्यांत शोधून सापडणार नाही.

मांडणीही जशीच्या तशी उचलता येणार नाही. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे पहिलं-शेवटचं अक्षर मोठं करून खाली उतरवण्याची युक्ती बाद. उकार, रफार, वेलांटी यांच्याकडून ते काम करून घ्यावं लागेल. अक्षराचे तुकडे दाखवायचे म्हटले तर काना पावलोपावली येतो, त्यामुळे नुसती उभी रेघ दाखवून प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही. शिरोरेषा सगळ्या शब्दाला जोडत जाते, ती आधीच दाखवली तर कोडं सुटल्यासारखं होतं. ती सर्वांत शेवटी यायला हवी. आधी ‘झ’चं पोट, ‘ळ’ची दोन वेटोळी, ‘क्ष’ची गाठ सरकू द्यायची, आणि मग एका दमात वरची रेघ ओढायची.

आणि अक्षर विकत मिळणार नसल्यामुळे जुनी मुखपृष्ठं गोळा करून स्कॅन करावी लागतील. ज्या मुखपृष्ठाचा घाट आवडला त्यात हवी ती सगळी अक्षरं असणार नाहीत. नेमका ‘ळ’ नसेल. तो नव्याने काढायचा, आणि त्या चित्रकाराने तो कसा काढला असता हे ठरवायला त्याचीच आणखी आठ-दहा मुखपृष्ठं समोर हवीत.